दहा गाड्या असतील तर इंजिन बदला

मोटार वाहन कायदा, १९८८. त्यातलं कलम ५२ एकदा फोनवर उघडून वाचा, पाच मिनिटांचं काम आहे. पहिलं उपकलम म्हणतं की मालकाने गाडीत असा बदल करायचा नाही, ज्यामुळे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि कंपनीने मुळात दिलेला तपशील यांत फरक पडेल. बरं. मग दुसरं उपकलम येतं. ज्याच्याकडे किमान दहा व्यावसायिक वाहनं आहेत, त्याला राज्य सरकार अधिसूचना काढून मुभा देऊ शकतं : त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन नोंदणी अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय बदला आणि नंतर कळवा.

म्हणजे ज्याचे दहा ट्रक आहेत, त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायची सोय कायद्यातच आहे. ज्याची एकच गाडी आहे आणि तीही अंगणात उभी आहे, त्याच्याकडे संशयाने बघायचं. २०१९ च्या दुरुस्तीने या संशयाला दरही लावून दिला. कलम १८२ अ : परवानगी नसलेला बदल केला, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही. लक्षात घ्या, प्रत्येक बदलामागे. इंजिन एक, गिअरबॉक्स दोन, पेट्रोल पंप तीन, अशी मोजणी कुणी करायला बसलं तर आमच्या अंगणातल्या गाडीची किंमत दंडापेक्षा कमी भरेल.

माझं म्हणणं एवढंच आहे : जुन्या गाडीत तिच्याच कंपनीचं, नंतरच्या पिढीचं, कमी धूर सोडणारं इंजिन बसवणं ही तपासून नोंदवून घेण्याची गोष्ट आहे. तिला गुन्हा ठरवणं हा आळस आहे. आणि त्या आळसाला 'सुरक्षितता' हे नाव देऊ नका.

गाडीबद्दल सांगतो. मारुती जिप्सी, १९९३ ची, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. काकांनी ती परतवाड्याच्या एका ठेकेदाराकडून घेतली, तेव्हा मी पाचवीत होतो. आत एफ१०ए इंजिन : ९७० सीसी, ४५ अश्वशक्ती, कार्ब्युरेटरवालं. जिला सगळं जग स्पोर्ट्‌स कार म्हणतं तशी गाडी धारणीत कुणी पाहिलेली नाही, आणि खरं सांगायचं तर भारतातही फारशी कुणी पाहिलेली नाही. गोव्यात नव्वदच्या दशकात सॅन स्टॉर्म नावाची दोन माणसांची, फायबरच्या अंगाची, उघड्या टपाची गाडी निघाली होती. हौशी लोकांनी थोड्याफार घेतल्या आणि कहाणी संपली. आमच्यासारख्यांची स्पोर्ट्‌स कार म्हणजे जिप्सी. रॅलीत तीच, लष्करात तीच, सफारीला तीच. मेळघाटात लहानाचं मोठं झालेल्या पोराला विचारा, फेरारीचं चित्र तो ओळखेल, पण वळून बघेल ते जिप्सीच्या आवाजाला.

या सॅन स्टॉर्मवर जरा थांबतो, कारण कायद्याचं हसू तिथेच येतं. तिच्यात रेनोचं ११४९ सीसीचं पेट्रोल इंजिन होतं. ते इंजिन घेऊन आलेली दुसरी गाडी इथल्या रस्त्यांवर सर्रास कधी दिसली नाही. आज ते इंजिन गेलं, तर 'त्याच मेकचं, त्याच प्रकारचं' कुठून आणणार? कायद्याप्रमाणे त्या गाडीचं भवितव्य शोभेची वस्तू किंवा भंगार. भारतात तयार झालेल्या मोजक्या स्पोर्ट्‌स कारपैकी एक, तिच्या नशिबी हे. आणि आपण मेक इन इंडियाचे फलक लावतो.

आता धारणी. अमरावतीहून इथे यायला परतवाडा, सेमाडोह, हरिसाल असा दीडशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता आहे, आणि त्यातला मोठा भाग घाट नि जंगल. उपजिल्हा रुग्णालय गावात आहे, पण जरा गंभीर झालं की 'अमरावतीला हलवा' हे वाक्य इथल्या प्रत्येक घराने ऐकलेलं आहे. रुग्णवाहिका असते, नसते; दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली असते. काकांच्या जिप्सीने किती बाया बाळंतपणाला नेल्या याचा हिशेब काकांनी ठेवलेला नाही. ४५ अश्वशक्ती, मागे चार माणसं आणि एक आडवी, समोर चढण. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन रडतं, पेट्रोलचा वास आत येतो आणि कुणीच काही बोलत नाही. हे मी मागच्या सीटवर बसून अनुभवलं आहे. म्हणून कुणी 'हौस' म्हटलं की मला राग येतो. हौस आहेच, नाकारत नाही. पण हौस हे कारण पुरेसं नाही असं वाटणाऱ्यांना दुसरं कारणही देऊन ठेवतो.

कार्ब्युरेटर म्हणजे काय, हे ज्यांनी फक्त ईव्ही बघितली त्यांच्यासाठी : इंजिन हवा ओढतं, त्या ओढीने पेट्रोलही खेचलं जातं, मिश्रण होतं. हवा पातळ झाली तरी पेट्रोल जवळपास तेवढंच. चिखलदरा सुमारे ११०० मीटरवर आहे, तिथे चढेस्तोवर मिश्रण घट्ट होतं, ताकद पडते, धूर वाढतो. इंजेक्शनच्या इंजिनात सायलेन्सरच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर असतो. तो जळून उरलेल्या वायूचा वास घेतो, संगणकाला सांगतो, संगणक पुढच्या क्षणाचं पेट्रोल कमी-जास्त करतो. पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर उरलंसुरलं विष मारतो.

जिप्सीची गंमत अशी की हे इंजिन दुसरीकडून शोधावं लागत नाही. १९९६ ला मारुतीनेच जिप्सी किंग आणली, १२९८ सीसीची. २००० च्या सुमारास त्यातच इंजेक्शनचं १६ व्हॉल्व्हचं जी१३बीबी आलं, ८० अश्वशक्तीचं. गाडी तीच, नाव तेच, कारखाना तोच. हे नवं इंजिन जुन्या जिप्सीत बसतं का? बसतं. देशभर शेकडो लोकांना माहीत आहे की बसतं. फक्त कागदावर बसत नाही.

आम्ही ते घरी बसवलं. दोन दिवाळ्या आणि एक उन्हाळा. मी, काका, आणि आमच्याकडे तीस वर्षांपासून येणारे मिस्त्री चाचा. मी पुण्याहून सुट्टी घेऊन यायचो. भंगारात गेलेल्या एका अपघाती किंगमधून इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग आणि संगणक, सगळं एकत्र घेतलं. बिलासकट, आणि बिल मी प्लास्टिकच्या फाइलमध्ये घालून ठेवलं. लोखंडी पाइपांचं तिकाटणं उभं करून चेन कुप्पीने जुनं इंजिन उचललं. इंजिन फाउंडेशन परतवाड्याच्या लेथवर करून आणली. जुना गिअरबॉक्स चार गिअरचा, नवा पाच गिअरचा, त्यामुळे प्रोपेलर शाफ्टची लांबी जमवावी लागली. कार्ब्युरेटरला पेट्रोल नुसतं पोचलं तरी चालतं. इंजेक्टरला ते दाबाखाली लागतं, म्हणून टाकीत नवा पंप आणि परतीची नळी. ब्रेक किंगचे. रेडिएटर किंगचा. वायरिंगला सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तिथे मात्र मी चाचांना हात लावू दिला नाही. एकेक तार मल्टिमीटरने तपासून, एक्सेल शीटमध्ये रंग लिहून, मग जोडली. चाचा बाजेवर बसून म्हणायचे, "हे तं शिवणकाम हाये बाप्पा."

सगळा खर्च सव्वा लाखाच्या आत. जुन्या जिप्सीची जागा घेणारी नवी गाडी जिम्नी. ती २०२३ ला आली तेव्हा तिची सुरुवातीची शोरूम किंमत १२ लाख ७४ हजार होती. "नवी घ्या ना मग" असं ज्यांना सुचतं, त्यांनी हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवून पाहावेत.

मग मी नोंदीचं विचारायला गेलो. कोणत्या कार्यालयात ते महत्त्वाचं नाही, कारण कुठेही हेच झालं असतं. खिडकीपलीकडचा माणूस सभ्य होता. त्याने माझी फाइल शांतपणे बघितली, चेसिस नंबर, इंजिनचं बिल, फोटो, आणि म्हणाला, "सर, तुमचं बरोबर असेल, पण याला ऑप्शनच नाही." मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. 'ऑप्शनच नाही' हे वाक्य मी स्वतः क्लायंटना सांगितलेलं आहे, त्यामुळे त्याच्यावर चिडलो नाही. पण ऑप्शन आभाळातून पडत नाहीत. कुणीतरी बसून ठरवतं की यादीत काय असेल आणि काय नसेल.

आणि यादीत काय आहे बघा. कलम ५२ मध्येच सवलत आहे : सीएनजी, एलपीजी, बॅटरी, सौरऊर्जा, अशा वेगळ्या इंधनावर गाडी चालावी म्हणून मान्यताप्राप्त किट बसवून इंजिनात बदल करता येतो. उद्या मी याच जिप्सीचं इंजिन पूर्ण काढून फेकलं, तिथे मोटर लावली, मागे जड बॅटऱ्यांचा पेटारा ठेवला, गाडीचं वजन आणि तोल दोन्ही बदलून टाकले, तर मान्यताप्राप्त किट असल्यास ते कायदेशीर. पण ज्या कंपनीने गाडी बनवली, तिनेच त्याच गाडीसाठी सात वर्षांनी बनवलेलं चांगलं इंजिन? बेकायदेशीर. कुणाला यात सुरक्षिततेचं तर्कशास्त्र दिसत असेल तर मला समजावून सांगा.

धुराचंही तेच. पीयूसी काढताना तुमच्या गाडीच्या पिढीप्रमाणे मर्यादा लागते. भारत स्टेज २ च्या आधीच्या चारचाकीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत चालतो. स्टेज २ आणि ३ च्या गाडीला ०.५ टक्के. स्टेज ४ ला ०.३. म्हणजे काकांची जिप्सी जुन्या इंजिनावर सहापट विष सोडत फिरली तर ती 'पास'. नवं इंजिन घालून तिने धूर कमी केला, तर मालक गुन्हेगार. शासनाला स्वच्छ हवा हवी असती, तर त्याने या कामासाठी उलट सवलत दिली असती. शासनाला नवी गाडी विकली जायला हवी आहे. तेही सरळ सांगितलं तर चालेल, पण हवेच्या नावावर सांगू नका.

कारण दुसऱ्या बाजूने जुन्या गाडीचा गळा आवळणं चालूच आहे. १५ वर्षांनंतरच्या मोटारीच्या फेरनोंदणीची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५००० झाली. २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाडीला १० हजार केली. जुनी गाडी चालवायची तर दंडासारखी फी भरा. ती सुधारायची तर खराखुरा दंड भरा. तिसरा रस्ता भंगार केंद्राकडे जातो आणि तो मात्र गुळगुळीत आहे. हां, गाडी ५० वर्षांची असेल तर चित्र पालटतं. २०२१ च्या नियमांनी अशा गाड्यांना 'व्हिंटेज' म्हटलं, वेगळी नंबरप्लेट दिली, नोंदणीला २० हजार फी. संस्थानिकांच्या गाड्या वारसा, आणि बायांना दवाखान्यात पोचवलेली जिप्सी कचरा. तिला वारसा व्हायला अजून अठराएक वर्षं आहेत, तोवर तिने गंजत थांबायचं.

विरोधात दोन गोष्टी बोलल्या जातात, आणि दोन्ही फालतू नाहीत.

पहिली चोरी. इंजिन नंबर हा गाडीचा आधार क्रमांक. तो बदलायला मोकळीक दिली तर चोरीच्या इंजिनांचा बाजार भरेल. खरं आहे, बाजार भरेल. पण तो आत्ता भरलेला नाही का? आज जुनं इंजिन बदलणारा माणूस नोंद करायला जाऊच शकत नाही, म्हणून नोंद न करता बदलतो. कागद नसलेल्या व्यवहारातच चोरीचा माल खपतो. बिल मागा, ज्या गाडीतून इंजिन निघालं तिचा चेसिस नंबर मागा, ती भंगारात गेल्याचा दाखला मागा. इंजिनाला पत्ता द्या, तो लपून राहणार नाही. बंदी घालून तुम्ही चोराला काहीच त्रास दिलेला नाही, फक्त फाइल सांभाळणाऱ्याला दिला आहे.

दुसरी सुरक्षितता. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं की कंपनीच्या मूळ तपशिलाविरुद्ध जाणारा बदल कलम ५२ खाली चालणार नाही. रस्त्यावर लोखंडी सांगाडे वाढवलेल्या, मोठाली चाकं घातलेल्या, कानठळ्या बसवणाऱ्या गाड्या मीही पाहतो, आणि त्या बंद झाल्या तर मला वाईट वाटणार नाही. ताकद दुप्पट केली आणि ब्रेक जुनेच ठेवले, तर तो माणूस स्वतःसकट दुसऱ्यालाही मारेल. म्हणूनच तपासणी हवी. न्यायालयाने कायदा आहे तसा वाचला. माझं भांडण कायदा लिहिणाऱ्यांशी आहे. २०१९ च्या दुरुस्तीतच एक ओळ घातलेली आहे की गाडीतल्या बदलांसाठी केंद्र सरकार निकष, मंजुरीच्या अटी वगैरे ठरवू शकेल. दार त्यांनीच बसवलं. आमच्यासारख्यांसाठी ते उघडत नाहीत, एवढंच.

कॅलिफोर्नियाचं उदाहरण देतो, कारण हवेच्या बाबतीत अमेरिकेत त्यांच्याइतकं कडक कुणी नाही. तिथे दुसरं इंजिन बसवायला बंदी नाही. नियम असा : बसवलेलं इंजिन गाडीच्या वर्षाचं किंवा त्यानंतरचं हवं, जुनं चालणार नाही, आणि त्या इंजिनासोबत कंपनीने दिलेली प्रदूषण रोखणारी सगळी यंत्रणा बसलेली हवी. मग सरकारने नेमलेला तपासनीस, ज्याला तिथे 'रेफरी' म्हणतात, गाडी उघडून बघतो, पटलं तर गाडीवर लेबल चिकटवतो. झालं. जर्मनीत एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी होऊन बदल तिच्या कागदांत चढतो. इंग्लंडमध्ये नव्या इंजिनाचा नंबर आणि सीसी पुराव्यासह कळवावे लागतात. या तिन्ही ठिकाणी रस्ते आपल्यापेक्षा सुरक्षित आहेत, आणि तिन्ही ठिकाणी माणसं घराच्या गॅरेजात इंजिनं बदलतात. आपल्याकडे नव्या नमुन्याची चाचणी करायला पुण्याला एआरएआय आहे, नगरला व्हीआरडीई आहे. पण ती व्यवस्था हजारोंनी गाड्या किंवा किट विकणाऱ्या कंपनीसाठी आहे. एका माणसाच्या एका गाडीसाठी काही नाही.

माझं रोजचं पोटापाण्याचं काम काय आहे सांगू? एका जुन्या बँकिंग प्रणालीतला वीस वर्षांपूर्वीचा भाग काढायचा, नवा बसवायचा, आणि बाकीच्या प्रणालीला कळूही द्यायचं नाही. त्यात लाखो लोकांचे पैसे असतात. कुणी म्हणत नाही की मूळ कंपनीने १९९९ ला लिहिलं तेच ठेवा, नाहीतर सहा महिने आत. म्हणतात, टेस्ट करून दाखवा. दाखवतो. नोंद होते. मी दिवसभर हे करतो म्हणून मला पगार मिळतो, आणि सुट्टीत तेच लोखंडावर केलं की दंड.

डिग्री मात्र माझी मेकॅनिकलची. हा आपल्याकडचा जुना विनोद आहे, तुमच्यापैकी अर्धे त्यातलेच असतील. चार वर्षं शिकलो. प्रयोगशाळेत एक कापलेलं इंजिन होतं, लाल-निळा रंग दिलेलं, ते आम्ही बघायचो. बघायचो म्हणजे वहीत काढायचो. हिमतीची पोरं बाहासाठी गाडी बनवायची, रात्ररात्र वेल्डिंग करायची, पीथमपूरला जाऊन पळवायची. स्वतःच्या हाताने आख्खी गाडी जोडलेल्या त्या पोरांतली बहुतेक आज माझ्यासारखीच लॅपटॉपसमोर आहेत. जे हात इंजिन जोडू शकतात त्यांच्यासाठी रस्त्यावर कायदेशीर असं एकही काम शिल्लक ठेवायचं नाही, आणि मग देशात संशोधन का होत नाही यावर परिसंवाद घ्यायचे. काका याला एका वाक्यात संपवतात : "मंग हे शिकले कायले?"

आणि कृपा करून याला जुगाड म्हणू नका. तो शब्द कौतुकाने वापरणाऱ्यांचा मला कायद्याइतकाच वैताग आहे. जुगाड म्हणजे तारेने बांधलेलं, आजच्यापुरतं चाललेलं. आमच्या गाडीत एकही उघडी तार नाही. प्रत्येक बोल्ट टॉर्क पान्याने ठरलेल्या मापात आवळलेला आहे आणि ते माप कंपनीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधलं आहे. चाचा शाळेत गेले नाहीत, पण बेअरिंगचा आवाज ऐकून ते किती हजार किलोमीटर चालेल हे सांगतात. या ज्ञानाला जुगाड म्हटलं की त्याची तपासणी करायची जबाबदारी टळते. गमतीचं ठरवलं की नियम करावे लागत नाहीत.

मला हवी असलेली व्यवस्था एका पानात बसते. बदललेलं इंजिन गाडीच्या वर्षाचं किंवा नंतरचं. त्याच्या पिढीची धुराची मर्यादा लागू, जुन्या गाडीची सवलत नाही. गाडीच्या पुढच्या मॉडेलमध्ये कंपनीने ते इंजिन दिलेलं असेल, तर त्या मॉडेलचे ब्रेकही बंधनकारक. इंजिनाचा उगम सिद्ध करणारे कागद. स्वयंचलित फिटनेस केंद्रात एकदा ब्रेक, धूर आणि वायरिंग तपासून घ्यायचं. फी घ्या, पाच हजार घ्या, मी देतो. मग प्रमाणपत्रात नवा नंबर, नवी सीसी, आणि विमा कंपनीला कळवणं सक्तीचं. हे पान मी लिहून मंत्रालयाच्या पत्त्यावर पाठवलं आहे. रजिस्टर पोस्टाची पोच आली.

तोवर जिप्सी फाटकाच्या आत आहे. नव्या इंजिनाने तिने आजवर कापलेलं अंतर म्हणजे अंगणातून गोठ्यापर्यंत आणि परत. काका दर रविवारी ती सुरू करतात, दहा मिनिटं चालू ठेवतात, बॅटरी उतरू नये म्हणून. पेट्रोलचा वास येत नाही आता. मागच्या पावसाळ्यात शेजारच्या सुनेला रात्री अमरावतीला न्यायचं होतं तेव्हा ते लोक हाक मारायला फाटकापर्यंत आले, आणि काकांनी त्यांना गावातल्या दुसऱ्या एका गाडीवाल्याचा नंबर दिला. पाऊण तासाने ती गाडी आली.